चार बॅटऱ्या गेल्या, एक पेटी आली

ई-रिक्षाच्या सीटखाली सहसा 12 व्होल्टच्या चार शिशाच्या बॅटऱ्या असतात. वजन शंभर किलोच्या वर, दर काही दिवसांनी डिस्टिल्ड वॉटर घालायचं, आणि निम्म्याहून जास्त चार्ज रोज वापरला तर आयुष्य झपाट्यानं घटतं. म्हणून बरेच चालक आता लिथियमकडे वळतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचे 3.2 व्होल्टचे 16 सेल एकापुढे एक जोडले की 51.2 व्होल्टची पेटी होते. वजन निम्म्याहून कमी.

पण नुसती पेटी बदलून भागत नाही. जुना चार्जर आधी बाजूला ठेवा, ही माझी कळकळीची विनंती. शिशासाठी बनवलेले काही चार्जर मधूनमधून जादा व्होल्टेज देतात, ते लिथियम सेलला मानवत नाही. चार्ज दाखवणारा जुना व्होल्टेजचा काटाही फसवतो: लिथियमचं व्होल्टेज बराच वेळ जवळपास सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. तोवर काटा ‘भरपूर आहे’ म्हणत असतो. किती करंट आत-बाहेर गेला हे मोजणारा मीटर लावलेला बरा. शिवाय चढावर मोटर जेवढा करंट ओढते तेवढा पेटीतल्या बीएमएसला (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) झेपला पाहिजे, नाहीतर गाडी भर चढावर बंद पडते.

देखभालीत पाणी गेलं, पाना राहिला. फेरी संपल्यावर गाडी बंद करून लगजवळची (टोकाच्या धातूच्या कडीजवळची) केबल बघा. इन्सुलेशन तपकिरी पडून कडक झालं असेल, तर तो जोड तापतोय; बहुधा नट ढिला आहे.