शून्य ते शंभर : किती सेकंदांत?

जुन्नर, आंबेगाव आणि खेड या तालुक्यांतल्या मुलांना सेकंदाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. जत्रेच्या घाटात बैलगाडा सुटला की सगळ्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. नंबर ठरतो सेकंदाच्या अंशावर आणि वाद झालाच तर तोही त्यावरच होतो : घड्याळ नेमके केव्हा दाबले? बैल हलताक्षणी, की गाडा रेषेवर आल्यावर?

मोटारींच्या जाहिराती वाचताना मात्र हा प्रश्न आपण विचारत नाही. 'शून्य ते शंभर अमुक सेकंदांत' हे वाक्य वर्गातल्या निम्म्या मुलांना पाठ असते. हे आकडे खरे असतात का? त्यासाठी चाचणीचा ट्रॅक लागत नाही. नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रात त्यांची बरीच तपासणी होते.

पुणे-नाशिक रस्त्यावर पेठ गावाच्या अलीकडे, खेड तालुक्यात चाकण आहे. तेथे महिंद्रा कंपनीच्या कारखान्यात 'बीई ६' ही विजेवर चालणारी मोटार तयार होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती जाहीर झाली. तिच्या मोठ्या बॅटरीच्या प्रकारासाठी सांगितलेली शक्ती २१० किलोवॉट आणि शून्य ते शंभरची वेळ ६.७ सेकंद आहे. हाच आकडा आपण तपासू.

पहिली मर्यादा : ऊर्जा

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. चालकासह मोटारीचे वस्तुमान अंदाजे २१०० किलोग्रॅम धरू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन. ती येते सुमारे ८१० किलोज्यूल. २१० किलोवॉट म्हणजे सेकंदाला २१० किलोज्यूल. म्हणजे मोटरने पहिल्या क्षणापासून पूर्ण शक्ती दिली आणि त्यातली जराही वाया गेली नाही, तरी ३.९ सेकंद लागतीलच. यापेक्षा कमी वेळ कोणी सांगितला, तर तो ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाविरुद्ध बोलतो आहे. प्रत्यक्षात सुरुवातीच्या कमी वेगाला पूर्ण शक्ती वापरता येत नाही, आणि पुढे हवेचा व टायरचा रोध असतो. त्यामुळे खरी वेळ या आदर्श वेळेपेक्षा बरीच जास्त येते.

दुसरी मर्यादा : घर्षण

मोटार पुढे जाते ती रस्त्याने टायरला दिलेल्या घर्षणाच्या बलामुळे. इंजिन कितीही दांडगे असले, तरी घर्षणाच्या पलीकडे गेल्यावर चाक जागेवरच फिरते. शेतातल्या चिखलात रुतलेला ट्रॅक्टर आठवावा. कोरड्या डांबरावर चांगल्या टायरचा घर्षणांक ०.९ च्या आसपास असतो. बीई ६ ची फक्त मागची चाके ओढतात. वेग घेताना भार मागे सरकतो, म्हणून या चाकांवर एकूण वजनाचा साठ टक्के भाग धरू. मग जास्तीत जास्त त्वरण ०.९ × ०.६ × ९.८, म्हणजे सुमारे ५.३ मीटर प्रति सेकंद वर्ग. या त्वरणाने शंभर गाठायला ५.३ सेकंद लागतात. जाहीर केलेले ६.७ सेकंद दोन्ही मर्यादांच्या वर आहेत. म्हणून हा आकडा शक्य कोटीतला आहे. तो प्रत्येक मालकाला मिळेलच असे मात्र यातून सिद्ध होत नाही.

एक गाजलेला आकडा

आता एक जुने उदाहरण घेऊ. मार्च १९६४ च्या अंकात 'कार अँड ड्रायव्हर' या अमेरिकन मासिकाने पाँटियाक जीटीओ ही मोटार शून्यातून ताशी ६० मैलांवर ४.६ सेकंदांत पोहोचल्याचे छापले. दुकानात मिळणाऱ्या जीटीओमध्ये ३८९ घनइंचांचे इंजिन असे. चाचणीसाठी दिलेल्या मोटारीत ४२१ घनइंचांचे बसवले होते, हे त्या प्रसिद्धीमागचे जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगितले.

पण आपले गणित आणखी पुढे जाते. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला २६.८ मीटर. मोटार मागच्या चाकांनी ओढणारी आणि इंजिन पुढे, म्हणून मागे ५५ टक्के भार धरू. त्या काळच्या अरुंद टायरांना घर्षणांक ०.८ देऊ. त्वरण येते ४.३ आणि वेळ येतो सुमारे ६.२ सेकंद. घर्षणाची ही मर्यादा इंजिन बदलून ओलांडता येत नाही. म्हणजे मोठ्या इंजिनाची गोष्ट कळल्यावरही त्या ४.६ सेकंदांविषयीची शंका उरतेच. ही शंका १९६४ मध्येही एखाद्या विद्यार्थ्याला कागद-पेन्सिल घेऊन काढता आली असती.

घड्याळ केव्हा सुरू झाले?

आता जत्रेतल्या वादाकडे वळू. अमेरिकेतल्या सरळ शर्यतींच्या पट्ट्यावर पुढचे चाक प्रकाशकिरण अडवून उभे असते. चाक सुमारे एक फूट पुढे गेल्यावर किरण मोकळा होतो आणि तेव्हा घड्याळ सुरू होते. तिथले अनेक चाचणीकर्ते हा पहिला फूट वेळेतून वगळतात. टेस्ला कंपनीने मॉडेल एस प्लेडच्या १.९९ सेकंदांखाली तशी तळटीपही दिली होती.

एका फुटाने काय बिघडते? समान त्वरण धरले तर ६.७ सेकंदांत शंभर गाठणाऱ्या मोटारीला पहिला फूट कापायला जवळजवळ ०.४ सेकंद लागतो आणि तेवढ्यात तिचा वेग ताशी सहा किलोमीटरच्या जवळ गेलेला असतो. ६.७ चे ६.३ होतात, पण मोटार तीच राहते. शिवाय ६० मैल म्हणजे ९६.६ किलोमीटर. त्याला 'शंभर' समजले, तर आणखी दोन-तीन दशांश सेकंद कमी होतात.

आपला रस्ता, आपले हवामान

पेठचा परिसर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे. चैत्रात चाळीस अंशांच्या दुपारी येथील हवा समुद्रकाठच्या पंचवीस अंशांच्या हवेपेक्षा सुमारे बारा टक्के विरळ असते. साधे पेट्रोल इंजिन प्रत्येक श्वासात तेवढा कमी ऑक्सिजन घेते आणि त्याची शक्ती घटते. टर्बोचार्जर ही तूट बरीच भरून काढतो. विजेच्या मोटरला ऑक्सिजन लागतच नाही, पण तिच्या बॅटरीची पातळी आणि तापमान महत्त्वाचे असते. त्यात चार माणसे व सामान म्हणजे तीनशे किलो वाढले, की दोन टनांच्या मोटारीचा वेळ साधारण त्याच प्रमाणात वाढतो.

काही जण वेगदर्शकाचा काटा शंभरवर पोहोचलेला मोबाइलवर टिपून आकडा 'सिद्ध' करतात. आंतरराष्ट्रीय नियमानुसार हा काटा खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, मात्र थोडा जास्त दाखवलेला चालतो. काट्यावर शंभर असताना खरा वेग ९५ असणे नियमात बसते.

म्हणून आकडा खोटा की खरा, एवढाच प्रश्न पुरेसा नाही. उताराशिवायचा कोरडा रस्ता, नवे टायर, एकटा कसलेला चालक आणि अनेक धावांतली उत्तम धाव, अशा अटींवर तो बहुधा खरा असतो. अटी न सांगता दिलेला आकडा हे मोजमाप नव्हे.

शाळेच्या मैदानावर

हा प्रयोग सायकलवर होतो. मैदानावर वीस मीटर अंतर आखा आणि सुरुवातीच्या रेषेपुढे एक फुटावर दुसरी रेषा काढा. एका गटाने सायकल हलताक्षणी घड्याळ दाबावे, दुसऱ्याने पुढचे चाक दुसरी रेषा ओलांडताना. दहा धावांची सरासरी काढा. दोन गटांच्या वेळांत अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक मिळेल, कारण सुरुवातीचे त्वरण जितके कमी, तितका पहिला फूट महाग. प्रत्येक आकड्यासोबत तो कसा मोजला हेही लिहायला सांगा.

शेवटी एक हिशेब फळ्यावर अवश्य मांडावा. ताशी शंभरच्या वेगात चालकाला ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद लागला, तर मोटार २८ मीटर गेलेली असते. पुढे कोरड्या रस्त्यावर, घर्षणांक ०.८ धरून, थांबायला आणखी ४९ मीटर लागतात. पावसात घर्षणांक ०.५ वर आला, तर हेच ४९ चे ७९ होतात, म्हणजे एकूण शंभर मीटरहून अधिक. पेठ-अवसरीच्या घाटातल्या उतारावर अंतर त्याहूनही वाढेल. वेग किती सेकंदांत येतो हे जाहिरातीत मोठ्या अक्षरांत असते. तो किती मीटरांत जातो, हे मुलांना आपणच शिकवायचे आहे.