हात पोचत नाही तिथली केबल

अमेरिकेतल्या पायपर कंपनीने १९३८ ते १९४७ या काळात जे-३ कब या दोन आसनी विमानाचे सुमारे वीस हजार नग बांधले. त्यांतली बरीच आजही उडतात. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले आणि डोपचे थर दिलेले कापड, असे हे साधे विमान. वैमानिकाच्या हातातली काठी मागे ओढली की शेपटीवरचा एलेव्हेटर वर उचलला जातो. या दोहोंमधला दुवा म्हणजे बोटाहून बारीक अशी एक पोलादी केबल. आसनांच्या पलीकडे धडाच्या निमुळत्या भागात ती शिरते आणि शेपटीपाशीच पुन्हा हाताला लागते. मधल्या टप्प्यात कापडाला ठेवलेल्या छोट्या गोल झरोक्यांतून टॉर्च मारून जेवढे दिसेल तेवढे पाहायचे. अशा केबलबाबत जुन्या विमानांच्या जगात एक रूढ समज आहे: बिघडलेली दिसत नाही ना, मग हात लावू नका. हा समज चुकीचा आहे असे माझे मत आहे. जिथे नजर पोचत नाही तिथे ‘ठीक दिसते’ या शेऱ्याला पुरावा म्हणता येत नाही. अशी केबल ठरावीक वर्षांनी, दोष दिसण्याची वाट न पाहता बदलावी, आणि त्यासाठी कापड उतरवण्याच्या वेळेइतका योग्य मुहूर्त दुसरा नाही.

केबल झिजते कशी हे पाहिले की यामागचे कारण कळते. छोट्या विमानांत सर्रास वापरली जाणारी केबल एक अष्टमांश इंच, म्हणजे जेमतेम सव्वातीन मिलिमीटर व्यासाची असते. तिच्यात सात पेड, प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे एकूण १३३ तारा पिळलेल्या असतात. सरळ ताणलेल्या भागात या तारांना फारसा त्रास नसतो. त्रास असतो तो पुलीवरून वळताना, फेअरलीडच्या, म्हणजे वाटेतल्या मार्गदर्शक कड्याच्या, भोकातून घासत जाताना आणि टोकाला दाबून बसवलेल्या टर्मिनलच्या आसपास. अमेरिकेच्या एफएए या हवाई नियामक संस्थेचे ४३.१३-१बी हे सल्लापत्रक नेमक्या याच जागा धोक्याच्या मानते. टर्मिनलपासून फूटभराचा टप्पाही त्यात धरलेला आहे. तपासणीची नेहमीची रीत म्हणजे केबलवरून फडके फिरवायचे. तुटलेली तार असेल तर धागा अडकतो. पण पुलीच्या खाचेत बसलेल्या भागावरून फडके फिरत नाही. तो भाग पाहायचा तर ताण जुळवणारे टर्नबकल सैल करून केबलवरचा ताण काढावा लागतो, केबल पुलीवरून सरकवावी लागते आणि हाताने वाकवून पाहावी लागते, कारण ताणाखाली तुटलेल्या तारेचे टोक जागच्या जागी दबून राहते. ज्या पुलीपर्यंत हातच जात नाही, तिथे हे कोण करणार? तीच पुली गंजून फिरायची थांबली तर केबल तिच्यावरून वळण्याऐवजी घासू लागते, आणि बाहेरच्या तारा चपट्या होत एकमेकींत मिसळल्यासारख्या दिसू लागतात. झिजण्याची जागा आणि लपलेली जागा, दोन्ही एकच निघतात.

यावर पहिला आक्षेप ताकदीचा. जस्ताचा मुलामा दिलेली ही केबल २००० पौंडांपर्यंत तुटत नाही, स्टेनलेसची १७६० पौंडांपर्यंत. कबसारख्या संथ विमानात काठीवर लागणारा जोर त्यापुढे किरकोळ. दहा-वीस तारा तुटल्या म्हणून काय बिघडले? हिशेब खरा आहे, पण तो ओढून तुटण्याचा आहे. तुटलेल्या तारांचे कुसळ फेअरलीडमध्ये किंवा पुलीच्या रक्षक पिनेत अडकले, तर केबल शाबूत असूनही नियंत्रण अडते. शिवाय पेडांच्या आतला गंज बाहेरून दिसत नाही, त्यामुळे ताकद किती उरली हा आकडा कोणाकडेच नसतो. ‘मग स्टेनलेस लावा’ हे उत्तरही वाटते तेवढे पक्के नाही. गंजाला ती चांगली तोंड देते, पण पुलीवर वारंवार वाकण्याच्या बाबतीत वंगण घातलेली जस्ताची केबल जास्त टिकते. आणि स्टेनलेसच्या एका जातीच्या टर्मिनलांत, टर्नबकलांत ताण आणि ओलसरपणा मिळून बारीक भेगा पडतात. पायपरच्याच पुढच्या पिढीतल्या, चेरोकी कुळातल्या विमानांच्या शेपटीकडचे टर्नबकल असे भेगाळलेले सापडल्यावर एफएएने तपासणीचा सक्तीचा आदेश काढला. ऑस्ट्रेलियाची हवाई सुरक्षा यंत्रणा आणखी पुढे गेली: त्या धातूची टर्मिनले असलेल्या मुख्य नियंत्रण केबलांना तिने पंधरा वर्षांची मुदतच घातली. भेग डोळ्यांना दिसायच्या आधी कॅलेंडर बोलावे, असा हा निर्णय आहे. जुहूसारख्या समुद्राला लागून असलेल्या विमानतळावर उभ्या राहणाऱ्या विमानाला तर तो जास्तच लागू पडेल.

दुसरा आक्षेप मात्र जड आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. केबल बदलणे हेच धोक्याचे काम आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या कोस्टल कमांडसाठी काम करणाऱ्या सी. एच. वॉडिंग्टन या जीवशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी विमानांच्या बिघाडांचा अभ्यास केला, तेव्हा ठरावीक तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढतात आणि मग हळूहळू कमी होतात असे दिसले. हात लावल्यामुळेच बिघडत होते! केबलांच्या बाबतीत तर उदाहरणे रक्ताने लिहिलेली आहेत. २३ ऑगस्ट १९४७ रोजी इंग्लंडमध्ये वुडफर्ड येथे ॲव्हरो ट्यूडर विमान उडताक्षणी कोसळले. पंखांवरच्या एलेरॉनच्या केबला उलटसुलट जोडल्या गेल्या होत्या. मृतांमध्ये लँकेस्टर बॉम्बर विमानाचा रचनाकार रॉय चॅडविक होता. २६ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेत हायॅनिसहून निघालेले बीच १९००डी समुद्रात पडले आणि दोन्ही वैमानिक गेले. एलेव्हेटरचा तोल जुळवणाऱ्या ट्रिमची केबल नुकतीच बदलली होती आणि ट्रिम उलटे झाले होते. देखभालीच्या पुस्तिकेत ट्रिमच्या ड्रमची आकृतीच उलटी छापलेली होती. ११ नोव्हेंबर २०१८ रोजी पोर्तुगालमध्ये मोठ्या देखभालीनंतर निघालेले एम्ब्रेअर १९० लांबीच्या अक्षाभोवती वेड्यासारखे गडगडू लागले. एलेरॉनच्या केबला चुकीच्या मार्गाने ओवलेल्या होत्या. वैमानिकांनी बराच काळ झुंजून ते बेजा येथे उतरवले, हे नशीब.

म्हणून जुनी केबल तशीच ठेवावी का? या घटना तसे सांगत नाहीत. तिन्ही ठिकाणी केबल तुटली नाही, कमकुवत निघाली नाही. ती दिशा चुकली, आणि चुकलेली दिशा उड्डाणापूर्वी पकडली गेली नाही. ‘कंट्रोल मोकळे फिरतात’ ही तपासणी उलट्या जोडलेल्या केबलाही सहज पार करतात. धोका बदलण्यात जितका आहे, त्याहून जास्त तो बदलल्यावर काय तपासायचे हे अर्धवट ठेवण्यात आहे, आणि या धोक्यावर उपाय आहे. न दिसणाऱ्या झिजेवर नाही. वॉडिंग्टनच्या अभ्यासातूनही देखभाल बंद झाली नाही. तपासण्यांमधले अंतर वाढवले गेले. पंधरा-वीस वर्षांतून एकदा, तेही सांगाडा उघडा असताना केलेले काम त्याच्या धड्याशी सुसंगतच आहे.

हे काम प्रत्यक्षात असे चालते. जुनी केबल उपसण्याआधी तिच्या टोकाला मजबूत दोरी बांधायची. केबल एका बाजूने बाहेर येते तसतशी दोरी तिच्या जागी आत जाते, प्रत्येक पुलीवरून, प्रत्येक फेअरलीडमधून. मग दोरीला नवी केबल बांधून उलट ओढायची. पायजम्याची नाडी बदलताना आजी जुन्या नाडीला नवी बांधते, तीच युक्ती. दोरी निसटली तर मात्र सारा मार्ग अंधारात पुन्हा शोधावा लागतो, आणि चुकीची पुली पकडण्याची शक्यता तिथेच सुरू होते. अडचण टोकांची असते. कारखान्यात दाबून बसवलेले टर्मिनल फेअरलीडच्या भोकातून जात नाही, म्हणून पुष्कळदा एक टोक केबल आत ओढल्यावर, जागेवरच तांब्याची स्लीव्ह दाबून करावे लागते. स्लीव्ह पुरेशी दाबली गेली की नाही हे अंदाजाने ठरवायचे नसते, त्याचे माप वेगळे मिळते. टर्मिनल बसवलेली केबल विमानात जाण्याआधी तुटण्याच्या भाराच्या साठ टक्के ताण देऊन पारखायची असते. फेअरलीडने केबलला तीन अंशांपेक्षा जास्त वाकवता कामा नये. जास्त वळण असेल तर तिथे पुली हवी. टर्नबकलच्या बाहेर तीनपेक्षा जास्त आटे दिसू नयेत, आणि मग त्याला लॉकवायर. ताणही विमान पाहून ठरतो. कबचा सांगाडा आणि केबल दोन्ही पोलादी, त्यामुळे ऊन-थंडीत ती बरोबरीने फुगतात-आकसतात. १९४६ पासून निघालेल्या सेस्ना १४० चे ॲल्युमिनियमचे धड उन्हात जवळजवळ दुप्पट फुगते, म्हणून तिथे मे महिन्यात केबल आपोआप घट्ट होते. शेवटची तपासणी दोघांची. एकाने काठी मागे घ्यायची, दुसऱ्याने शेपटीपाशी उभे राहून एलेव्हेटर वर गेला असे मोठ्याने सांगायचे. काठी डावीकडे, तर डावे एलेरॉन वर. काम ज्याने केले त्याने ही तपासणी करायची नाही.

उरतो मूळपणाचा हट्ट. जुन्या विमानाचे मोल त्याच्या मूळ सुट्या भागांत आहे असे मानणारे लोक पुष्कळ, आणि पॅनेलवरच्या घड्याळांबाबत त्यांचे म्हणणे मला पटते. केबलबाबत नाही. टायर, कापड, इंधनाच्या नळ्या त्यांनीही कधीच बदललेल्या असतात. १९५८ साली प्रथम उडालेले आणि एरोन्का चीफच्या धर्तीवर बेतलेले आपले एचएएल पुष्पक घ्या. तेही कापडाचेच विमान. त्याचे कापड नव्याने चढवताना उघड्या सांगाड्यातून जुन्या केबला काढायला फार वेळ लागत नाही, कापड चढल्यावर तेच काम झरोक्यांतून हात घालून करावे लागते. काढलेली केबल जपून ठेवावी, पण नवीची लांबी केवळ तिच्यावरून मापू नये. आधीच्या कोणी ती चुकीची कापलेली असू शकते, म्हणून आराखड्याशी ताडून घ्यावे. आणि लॉगबुकात बसवल्याची तारीख, केबलचा धातू, टर्मिनलची जात लिहून ठेवावी. जुन्या विमानांच्या लॉगबुकांत इंजिनाच्या तासांची नोंद चोख असते, केबलची बहुधा नसतेच. जिची नोंद सापडत नाही ती केबल विमानाइतकीच जुनी धरायची. १९४६ च्या कबमध्ये याचा अर्थ जवळपास ऐंशी वर्षे.