पोपटीचा वास येत नाही तेव्हा

थंडी पडली की पेणपासून रोह्यापर्यंतच्या शिवारात पोपट्या लागायला सुरुवात होते. भात निघून गेलेल्या शेतात वालाला शेंगा धरलेल्या असतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, ओवा, खडेमीठ, कोणाला हवी असेल तर मसाला चोळलेली कोंबडी, अंडी, आणि तोंडाला पुन्हा पाल्याचं बूच. मडकं उपडं घालून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. आत पाण्याचा थेंब नाही की तेलाचा. शेंगा शिजतात त्या आपल्याच ओलाव्यावर आणि पाल्याच्या वाफेवर. शिजलं की नाही हे मध्येच उघडून बघायची सोय नसते. कोणी मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज ऐकतो. जाणता माणूस मात्र नुसत्या वासावर सांगतो, "झाली, काढा आता."

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळच्या पुढे लागणाऱ्या गडबसारख्या गावात नाक दिवसभर असे निवाडे करत असतं. सुकट नीट वाळली की दमट राहिली, जिताडा आजचा की कालचा, दूध नासायला लागलंय का, भात खाली लागला का. हे काम नाक करतं, हे कोणाच्या लक्षातही येत नाही. नजर अधू झाली की चष्मा येतो, कान अधू झाले की यंत्र येतं. वास यायचा थांबला की लोक म्हणतात, "सर्दी असेल." ज्याचा वास गेलेला असतो तोही कितीतरी दिवस तेच म्हणत राहतो.

हे चित्र २०२० मध्ये थोडं बदललं. कोविडच्या पहिल्या लाटेत वास जाणं ही एकदम घरोघरची बातमी झाली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्या वर्षी जूनमध्ये वास आणि चव जाण्याचा समावेश लक्षणांच्या यादीत केला, आणि लोक उदबत्ती नाहीतर चिरलेला कांदा नाकाशी धरून स्वतःची परीक्षा घेऊ लागले. त्याच वर्षी पुण्यात 'आयसर' या विज्ञानसंस्थेतले निक्सन अब्राहम आणि त्यांचे सहकारी यांनी बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांच्या साथीने एक अभ्यास केला. ठरावीक मात्रेत गंध सोडणारं यंत्र त्यांनी तयार केलं आणि कोणतंही लक्षण नसलेल्या बाधितांची नाकं तपासली. त्यांतल्या बहुतेकांची वास घेण्याची ताकद घटलेली निघाली. गंमत अशी, की यांतल्या फारच थोड्यांना त्याचा पत्ता होता. नाक अर्धंमुर्धं निकामी झालं तरी मालकाला ते कळत नाही, ही या अभ्यासातली खरी दखल घेण्याजोगी गोष्ट. कोविडशिवायही ती लागू पडते.

नाकाच्या आत, अगदी वर, दोन्ही डोळ्यांच्या मधोमध येईल अशा उंचीवर टपाल तिकिटाएवढा एक पडदा असतो. त्यात गंध ओळखणाऱ्या लाखो चेतापेशी असतात. माणसाकडे गंध पकडणारे सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि त्यांच्या जुळण्यांतून हजारो वास ओळखले जातात. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली. २००४ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. कोविडने या चेतापेशी मारल्या असाव्यात, असा सुरुवातीला समज होता. हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने दाखवलं, की विषाणू शिरतो तो या पेशींना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींमध्ये. चेतापेशी वाचलेल्या असतात, म्हणूनच बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. शिवाय या चेतापेशी मुळात आयुष्यभर नव्याने उगवत राहतात. शरीरातल्या फार थोड्या चेतापेशींना ही मुभा आहे.

वास गेलेला माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा तक्रार सहसा अशी असते: तोंडाची चव गेली. जीभ तर धड असते. गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसरसासारखी एक चव, एवढ्या पाचांवर जिभेचं काम संपतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ती घास चावताना घशाच्या मागून वर नाकात चढणाऱ्या वाफेची करामत असते. नाक चिमटीत घट्ट धरून चिमूटभर जिरं चावून पाहावं. जिभेला काहीतरी किंचित कडवट, भुसकट लागतं. चिमूट सोडली की क्षणात जिरं हजर होतं.

म्हणून वास गेलेल्यापुढे वालाचं बिरडं ठेवलं तर त्याला मीठ कळतं, वालाचा कडसरपणा कळतो, गुळाचा गोडवा कळतो, मऊ दाणा दाताखाली कळतो. बिरडं कळत नाही. तिखट मात्र झोंबतं, कारण मिरचीची आग आणि पुदिन्याचा गारवा चेहऱ्याच्या वेगळ्याच चेतातंतूंनी मेंदूकडे जातो. मग माणूस मीठ वाढवतो, साखर वाढवतो, वरून मसाला घेतो. रक्तदाब आणि मधुमेह घरात आधीच ठाण मांडून असतील तर ते महागात पडतं. काही जण उलट्या वाटेने जातात. जेवायची इच्छाच मरते आणि वजन उतरू लागतं. 'बेन अँड जेरीज' या अमेरिकन आइस्क्रीम कंपनीच्या संस्थापकांपैकी बेन कोहेन यांना वास जवळजवळ येत नाही. त्यांना आइस्क्रीममध्ये दाताखाली येणारे मोठमोठे तुकडे हवे असत, आणि तेच पुढे कंपनीचं वैशिष्ट्य ठरलं. आपल्याकडे हीच युक्ती कोणी न शिकवता साधलेली दिसते: ताटात पेणचा पोह्याचा पापड, कुरकुरीत तळलेला बोंबील, लोणच्याची करकरीत फोड असली की वास नसलेल्याच्याही तोंडाला काहीतरी काम मिळतं.

जेवणाचं दुःख मोठं, पण धोका दुसरीकडे आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नसतो. त्यात मुद्दाम इथाइल मरकॅप्टन नावाचं घाणेरड्या वासाचं द्रव्य मिसळतात, जेणेकरून गळती कळावी. गॅसला वास देण्याची सक्ती एका भयंकर अपघातातून आली. १८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत साठलेल्या बिनवासाच्या वायूचा स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण मेले, त्यांत बहुतेक मुलं. आज पृथ्वीवरच्या कोट्यवधी घरांची सुरक्षितता त्या एका दुर्गंधावर उभी आहे. ज्याला वास येत नाही त्याच्यासाठी ही सगळी योजना नसल्यासारखीच. एकट्या राहणाऱ्या अशा माणसाने गळती ओळखणारं छोटं यंत्र स्वयंपाकघरात लावलंच पाहिजे. ते जमिनीलगत लावावं, कारण हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो. गळतीची तक्रार देशभर १९०६ या क्रमांकावर करता येते.

पेण-रोहा पट्ट्यात हा विषय घरापुरता राहत नाही. डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत, आणि हमरापूर-जोह्याकडे गणपतीच्या कारखान्यांत फवारला जाणारा रंग. हवेत काही बिघडलं तर पहिली खबर नाकालाच लागते. रंगातल्या द्रावकांची वाफ वर्षानुवर्षे घेतली तर वासाची ताकद घटू शकते, म्हणून रंगकामात चांगला मास्क हवा. तोंडाला गुंडाळलेला रुमाल वाफ अडवत नाही. सगळ्यांत फसवा वायू म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, कुजलेल्या अंड्याच्या वासाचा. गटारात, सेप्टिक टँकमध्ये तो साठतो. प्रमाण वाढलं की तो वासाची जाणीवच बधिर करून टाकतो. आत उतरलेल्याला वाटतं वास गेला म्हणजे वायू गेला, आणि तिथेच घात होतो.

गडबवरून जाणाऱ्या महामार्गाचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि वर्षानुवर्षे रखडलं. खड्डे, वळणं आणि डोक्यावर हेल्मेट नसलेले दुचाकीस्वार हे इथलं नेहमीचं दृश्य. वास जाण्याशी त्याचा थेट संबंध आहे. गंधाचे चेतातंतू नाकातून मेंदूत जातात ते कवटीच्या तळाशी असलेल्या चाळणीसारख्या हाडातून. डोकं आपटलं की मेंदू आत हिसका खातो आणि हे केसाएवढे तंतू त्या भोकांच्या कडेवर तुटतात. अपघातानंतर हात-पाय, टाके, स्कॅन यांत सगळे गुंतलेले असतात. वास गेल्याचं कळतं ते घरी परतल्यावर, पहिल्या चहाच्या घोटाला. आयएनएक्सएस या ऑस्ट्रेलियन बँडचा गायक मायकल हचन्स १९९२ मध्ये कोपनहेगनच्या रस्त्यावर एका टॅक्सीचालकाशी झालेल्या भांडणात डोक्यावर पडला आणि त्याचा वास कायमचा गेला. त्यानंतर तो पूर्वीचा राहिला नाही, असं त्याचे सोबती सांगत.

तसं होणं साहजिक आहे. गंधाचे संदेश मेंदूत आठवणी आणि भावना सांभाळणाऱ्या भागांकडे फार जवळच्या वाटेने जातात. कोविडनंतर जगभरातल्या कित्येक आयांनी एकच गोष्ट सांगितली: बाळाचा वास येत नाही. तेल जिरवलेली टाळू, ओवा आणि वावडिंगाची धुरी, दुधाचा आंबूस वास यांनी भरलेल्या बाळंतिणीच्या खोलीत बसून तिला काहीच कळत नसेल, तर तिचं चुकल्यासारखं वाटणं मनाचे खेळ म्हणून झटकून टाकण्यासारखं नाही. त्यात स्वतःच्या अंगाचा वास येत नाही, ही भीती वेगळी. अशी माणसं दिवसातून तीनदा आंघोळ करतात, लोकांपासून लांब बसतात, घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारतात.

याच्या उलट एक जुना आजार आपल्याकडे चांगला माहीत आहे: पीनस. यात नाकाचं अस्तर सुकत जातं, खपल्या धरतात आणि इतकी दुर्गंधी येते की जवळ बसवत नाही. रोग्याला मात्र ती येत नाही, कारण त्याची गंधाची जाणीवच मेलेली असते. सुश्रुतसंहितेतल्या नासारोगांच्या वर्णनात अपीनस या नावाखाली गंध आणि रस दोन्ही न कळण्याची नोंद आहे. वासाशिवाय चवही जाते हे त्या वैद्यांनी नेमकं हेरलं होतं.

बाकी कारणं साधी वाटतात. जुनी सर्दी, नाकात वाढलेलं मांस, सिगारेट. नाकातल्या मांसावर औषधाचा फवारा किंवा शस्त्रक्रिया करून पुष्कळांचा वास परत येतो, पण त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावं लागतं, आणि तिथेच लोक कचरतात. वय हे सर्वांत मोठं कारण. रिचर्ड डॉटी या अमेरिकन संशोधकाच्या १९८४ च्या पाहणीत ६५ ते ८० वयातल्या निम्म्याहून अधिक, आणि ८० च्या पुढच्या तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांचा वास बराच कमी झालेला आढळला. आजोबा "हल्ली सुनेच्या हाताला चव नाही" म्हणतात तेव्हा भांडण करण्याआधी त्यांचं नाक तपासावं. सर्दी नसताना हळूहळू वास जात असेल तर जास्तच, कारण पार्किन्सनमध्ये हात थरथरण्याच्या कित्येक वर्षं आधी वास जाऊ शकतो.

उपचारांत सगळ्यांत स्वस्त उपाय जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या थॉमस हमेल यांनी २००९ मध्ये मांडला. गुलाब, लवंग, लिंबू आणि निलगिरी असे चार वास सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी काही सेकंद, लक्ष देऊन घ्यायचे. असं निदान तीन महिने. सगळ्यांना गुण येतो असं नाही, पण न करणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांत सुधारणा जास्त दिसली. यातली एकही वस्तू आणायला गडबच्या माणसाला पेणच्या बाजाराच्या पुढे जावं लागत नाही. नाकात तेलं ओतणं, मिरचीची धुरी घेणं असले प्रयोग मात्र करू नयेत. अमेरिकेत जस्त असलेलं सर्दीचं एक औषध नाकात घातल्यामुळे वास गेल्याच्या शंभराहून अधिक तक्रारी आल्या आणि २००९ मध्ये तिथल्या सरकारी औषध खात्याला ते वापरू नका असं जाहीर करावं लागलं.

परत येताना वास सरळ येत नाही, हे आधी माहीत असलेलं बरं. कोविडनंतर अनेकांना कॉफी, कांदा, लसूण, तळलेलं मांस यांचा वास जळकट, कुजका येऊ लागला. फोडणी पडली की माणूस घराबाहेर पळतो. घरच्यांना ही नाटकं वाटतात. डॉक्टरांच्या मते मात्र हे अनेकदा चेतातंतू पुन्हा जुळू लागल्याचं चिन्ह असतं. काही महिने जातात, कधी वर्षही. तोवर फोडणीऐवजी उकडलेलं, गरमऐवजी गार जेवण चालवून घ्यावं लागतं.

कागदोपत्री या सगळ्याला जागा नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. अंधत्व आहे, बहिरेपण आहे, वास न येणं नाही. शाळांच्या आरोग्य तपासणीत डोळे, दात, कान बघतात. जन्मापासून वास न येणारं मूल वर्गात असेल तर ते कोणाला कळत नाही, आणि बऱ्याचदा त्या मुलालाही दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत कळत नाही की बाकीची पोरं मडक्याभोवती उभं राहून नक्की कशाबद्दल बोलताहेत.