२,५०० रुपये व्यवसाय कर भरला, पुढे काय? सरकारचा राखीव निधी आणि आपला गल्ला



‘मशीनसाठी दर महिन्याला पैसे बाजूला काढतो, पण घ्यायची वेळ आली की हातात काहीच नसतं.’ ट्रेनिंगमध्ये हे हमखास ऐकू येतं. राज्य सरकार मोठ्या कामांसाठी पैसा कसा राखून ठेवतं ते बघितलं, की यातली गोम कळते.

आपल्याच कराचं उदाहरण

महाराष्ट्रात व्यवसाय कराचा कायदा १९७५ चा. रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून हा कर आला. राज्यघटनेच्या कलम २७६ प्रमाणे तो एका व्यक्तीकडून वर्षाला २,५०० रुपयांच्या वर घेता येत नाही. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने त्यासाठी स्वतंत्र निधी केला. नियम असा, की ठरलेल्या करांतून जेवढा पैसा येईल, तेवढीच भर सरकारने घालायची. या योजनेतून पाझर तलाव, विहिरी, रस्ते अशी टिकाऊ कामं झाली.

पैसा निधीत पोचतो कसा?

१. कर आधी राज्याच्या एकत्रित निधीत जमा होतो. थोडक्यात, सरकारचा मोठा गल्ला.
२. विधिमंडळाने मंजुरी दिली की ठरलेली रक्कम लोकलेख्यातल्या राखीव निधीच्या नावे वर्ग होते.
३. कामावर झालेला खर्च त्या निधीतून वळता होतो.

इथेच खरी मेख आहे. असा निधी म्हणजे वेगळी तिजोरी नव्हे, ते वहीतलं वेगळं खातं आहे. दुसरी पायरी राहिली, तर कर वसूल होऊनही निधी कोरडाच! म्हणून महालेखापालांच्या तपासणीत ‘वसूल किती आणि निधीत वर्ग किती’ हा प्रश्न महत्त्वाचा असतो.

पैसा खरोखर बाजूला जातो तेव्हा

आता दुसरा प्रकार बघा. रस्ते, धरणं यांसाठी राज्यं कर्ज काढतात. ते फेडायला सोपं जावं म्हणून १९९९ पासून सिंकिंग फंडाची योजना आहे. आदल्या वर्षाअखेरच्या एकूण देण्याच्या किमान ०.५ टक्के रक्कम दरवर्षी त्यात टाकणं अपेक्षित असतं. रिझर्व्ह बँक ती सरकारी रोख्यांत गुंतवते. म्हणजे हा पैसा रोजच्या खर्चाच्या हाताला सहज लागत नाही.

आपण काय करायचं?

- रक्कम आणि तारीख ठरवा. १,२०,००० रुपयांचं मशीन २४ महिन्यांनी घ्यायचंय? मग महिन्याला ५,००० रुपये.
- पैसा खात्याबाहेर काढा. डायरीत ‘मशीन फंड’ लिहिलं आणि पैसा चालू खात्यातच ठेवला, तर पुढच्या माल खरेदीत तो गेलाच म्हणून समजा. आरडी उघडा, हप्ता आपोआप कापला जाऊ द्या.
- काढायचा नियम लिहून ठेवा. कशासाठी काढायचा आणि कोणाला विचारून? घरातल्या एका माणसाची संमती हवीच. हेच तुमचं विधिमंडळ!
- दर तीन महिन्यांनी ताळा करा. ठरवले किती, खरंच टाकले किती?

आणि हो, ग्राहकाकडून घेतलेला जीएसटी हा तुमचा फंड नाही. तो सरकारचा पैसा आहे, त्याला हात लावायचा नाही.

आज दुकान बंद करण्याआधी एकच काम करा: पुढच्या मोठ्या खरेदीचं नाव, किंमत आणि तारीख कागदावर लिहा. उद्या बँकेत जाऊन पहिला हप्ता सुरू करा.