आधी जीव, मग जाब

नशेत बेशुद्ध पडलेल्या विद्यार्थ्यासाठी मदत मागणाऱ्याला शिक्षा होणार नाही, अशी लेखी हमी महाविद्यालयांनी दिली पाहिजे. जोयड्यासारख्या दुर्गम तालुक्यातल्या मुलांना तिची गरज सर्वांत जास्त आहे.

दारू जास्त झालेला मुलगा आडवा पडला की सोबतची मुले बहुधा एकच निर्णय घेतात: झोपू दे, सकाळपर्यंत उतरेल. हा निर्णय जिवावर बेतू शकतो. पोटात राहिलेली दारू शेवटच्या घोटानंतरही रक्तात मिसळत राहते, त्यामुळे झोपलेल्या माणसाची अवस्था सुधारण्याऐवजी बिघडत जाऊ शकते. श्वास मंदावतो, अंग गार पडते, रक्तातली साखर उतरते. घशाला स्वतःचे रक्षण करता येत नाही आणि उताणा पडलेला मुलगा उलटीनेच गुदमरतो. मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास, दोन श्वासांत १० सेकंदांहून अधिक अंतर, निळसर ओठ, हलवूनही जाग न येणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी सकाळची वाट पाहायची नसते. दारूबरोबर झोपेच्या गोळ्या किंवा अफूवर्गातले पदार्थ पोटात गेले असतील तर श्वास आणखी लवकर थांबू शकतो. अफूवर्गातल्या पदार्थांवर नालोक्सोनच्या इंजेक्शनचा उतारा आहे, आणि नुसती दारू असेल तरी श्वासमार्ग मोकळा ठेवून, प्राणवायू आणि सलाइन देऊन बहुतेक मुले वाचवता येतात. त्यासाठी रुग्ण वेळेत डॉक्टरांपुढे पोहोचावा लागतो आणि काय, किती घेतले हे कोणीतरी खरे सांगावे लागते.

ही वेळेची अट जोयडा तालुक्यात फार कठोर होते. जुना सुपा तालुका तो हाच. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातला तो विस्ताराने सर्वांत मोठा, पण लोकसंख्या ५० हजारांच्या आसपास. बराचसा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात, वाड्या एकमेकींपासून दूर, अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. कारवारचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय अणशी घाटापलीकडे आहे. रामनगर-कॅसलरॉककडच्या माणसाला बेळगाव, धारवाड-हुबळी नाहीतर गोव्यातले बांबोळी गाठावे लागते. गंभीर रुग्णाला जिल्ह्याबाहेर न्यावे लागण्याचे हे दुखणे साऱ्या जिल्ह्याचे आहे. जुलै २०२२ मध्ये होन्नावरहून रुग्ण घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेला शिरूर टोलनाक्यावर अपघात झाला, चौघांचा जीव गेला आणि जिल्ह्याला सुसज्ज इस्पितळ हवे ही मागणी समाजमाध्यमांवर उसळून आली. ती मागणी रास्तच आहे, पण इस्पितळ उभे राहायला वर्षे लागतात. अंतरामुळे होणारा उशीर आज टाळता येत नाही. भीतीमुळे होणारा उशीर मात्र एका लेखी नियमाने कमी करता येतो, आणि त्याला निधी लागत नाही.

भीती कशाची, हे नीट पाहिले पाहिजे. या तालुक्यातली कुणबी, गवळी-धनगर आणि इतर घरांतली कितीतरी मुले कॉलेजसाठी दांडेली, धारवाड, बेळगाव, कारवार इथे मागासवर्गीयांसाठीच्या सरकारी (बीसीएम) हॉस्टेलमध्ये किंवा भाड्याच्या खोल्यांत राहतात. अनेक घरांत कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच पिढी. शहरातल्या सुखवस्तू मुलाला हॉस्टेलमधून काढले तर तो दुसरी खोली बघतो. अशा घरातल्या मुलाचे शिक्षणच तिथे संपू शकते, आणि मुलगी असेल तर तिला परत न पाठवण्याचा निर्णय घरी लगेच होतो. नियम एकच असला तरी शिक्षेचा घाव सारखा बसत नाही. दुसऱ्या बाजूला, बाहेरची कॉलेजची मुले गणेशगुडीला राफ्टिंगसाठी आणि जंगलातल्या होमस्टेमध्ये मुक्कामाला येतात. तिथे प्रकरण घडले तर मुलांना कॉलेजची धास्ती, मालकाला परवान्याची, आणि सगळ्यांनाच ‘पोलीस केस’ची. विषबाधेचा रुग्ण आला की इस्पितळ सहसा एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, नोंदवते, हे सर्वांना ठाऊक असते. मग १०८ ला फोन करण्याआधी तासभर खल होतो, लिंबूपाणी पाजले जाते, आणि हातची वेळ निघून जाते.

या भीतीवरचा उपाय अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये करून पाहिला. नशेत अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यासाठी मदत मागितली तर मागणारा आणि रुग्ण, दोघांवरही पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई नाही, असा नियम तिथे झाला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की मदतीचे फोन वाढले, पिण्याचे प्रमाण मात्र साधारण तेवढेच राहिले. ‘मित्र अडचणीत येईल’ म्हणून फोन टाळल्याचे सांगणारे कमी झाले. अशा प्रसंगानंतर समुपदेशनापर्यंत पोहोचलेल्या विद्यार्थ्यांचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेले. हा एकाच श्रीमंत विद्यापीठाचा अनुभव आहे, तो जसाच्या तसा इथे उतरेल असे म्हणता येणार नाही. पण सवलत दिली की पिणे बोकाळेल, या पहिल्या आक्षेपाला त्यात आधार सापडत नाही. कारणही साधे आहे. पिण्याचा निर्णय घेताना कोणी बेशुद्ध पडण्याचा हिशेब करत नाही. नियमाची आठवण येते ती मित्र उठत नाही तेव्हा.

दुसरा आक्षेप कायद्याचा. कॉलेज माफ करील, पण पोलिसांचे काय? हा आक्षेप खरा आहे. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचे सेवनही गुन्हा आहे, आणि त्यापासून वाचवणे प्राचार्यांच्या हातात नाही. तरीही जीव आणि उपचार आधी, हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. जखमीवर उपचार आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात बजावले. त्याच एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-अ स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांत खटल्यापासून संरक्षण देते. रस्त्यावरच्या अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात अभय मिळाले. उणीव आहे ती यांच्या मधल्या जागेत. पहिल्यांदाच काहीतरी घेऊन कोसळलेला मुलगा व्यसनी नसतो, आणि त्याला उचलून आणणाऱ्या मित्राचा कलम ६४-अ मध्ये विचारच नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्याने २००७ मध्ये ही जागा कायद्याने भरली, पुढे बहुतेक राज्यांनी तेच केले. आपल्याकडेही ती भरली पाहिजे. तोपर्यंत कॉलेजने आपल्या हातातले, म्हणजे निलंबन आणि हकालपट्टी, बाजूला ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा आणि शिस्तीचा: मग चुकीची किंमत कोणी मोजायचीच नाही का? मोजायची, पण जीव वाचल्यावर, आणि सुधारेल अशा रीतीने. हमी फक्त सेवनापुरती असावी. विक्री, रॅगिंग, मारहाण, लैंगिक अत्याचार आणि नशेत गाडी चालवणे तिच्या बाहेर. मदत मागणाऱ्याने रुग्णाला सोडून जाऊ नये, डॉक्टरांना खरे सांगावे, आणि नंतर रुग्णाने समुपदेशन पूर्ण करावे, या अटी हव्यात. तोच विद्यार्थी पुन्हा सापडला तर समुपदेशनाबरोबर नियमित उपचारही सक्तीचे करावेत. प्रकृती गंभीर असेल तर घरी कळवलेच पाहिजे, मात्र ते डॉक्टर किंवा समुपदेशकाने कळवावे, हकालपट्टीच्या पत्राने नव्हे. केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या २०१९ च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले. उपचारांचे दार इतके अरुंद असताना इस्पितळात पोहोचलेला मुलगा ही सुधारणेची संधी आहे, ती शिक्षेत वाया घालवू नये.

काम अवघड नाही. जोयडा-दांडेली परिसरातल्या प्रत्येक कॉलेजने आणि हॉस्टेलने ही हमी कन्नड, मराठी आणि कोकणीत लिहून प्रवेशाच्या दिवशी हातात द्यावी. वॉर्डनना आणि होमस्टे चालवणाऱ्यांना धोक्याच्या खुणा आणि रुग्णाला कुशीवर वळवून ठेवणे शिकवावे. रेंज नसलेल्या वाडीत जवळचा फोन आणि गाडी कुठे मिळेल, हे प्रत्येक मुक्कामाच्या जागी ठळक लिहिलेले असावे. तालुका इस्पितळाने अशा रुग्णांवर प्रश्नांची सरबत्ती न करता उपचार सुरू करावेत, आणि पोलिसांनी फोन करणाऱ्या मुलाला साक्षीदार मानावे, आरोपी नव्हे. आपल्या मुलाने रात्री दोन वाजता कोणाला तरी हाक मारावी, असे प्रत्येक पालकाला वाटते. ती हाक मारणे सोपे करणे ही मोठ्या माणसांची जबाबदारी आहे, आणि येत्या शैक्षणिक वर्षाच्या नियमपत्रकातच ती पार पाडता येईल.