शरदातील पाहुणे : नांदूर मध्यमेश्वरचा पाणपसारा

नाशिक, प्रतिनिधी

आश्विन सरत आला, की निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीवर पहाटेचे धुके उतरू लागते. चापडगावच्या बाजूने काठाची पायवाट धरावी. तासा-दीड तासाच्या या फेरीत उत्तरेकडून आलेल्या पाहुण्यांची पहिली ओळख होते.

हे सरोवर निसर्गनिर्मित नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ १९०७ ते १९१३ या काळात दगडी बंधारा बांधण्यात आला, तो कालव्यांना पाणी पुरविण्यासाठी. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. त्यातून उथळ पाणी, दलदल आणि लहान-मोठी बेटे निर्माण झाली. जलसंपदेच्या हिशेबात जी हानी, तीच पक्ष्यांसाठी पर्वणी ठरली. १९८६ मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्राचे पहिले पाणथळ स्थळ म्हणून त्याचे नाव जाहीर झाले.

बदकांच्या आगमनाची सुरुवात करणाऱ्यांत भुवई बदक आघाडीवर असते. मात्र पुस्तकातील चित्र डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या नवख्या निरीक्षकाची येथे फसगत होते. नराच्या डोळ्यावरील ठसठशीत पांढरी भुवई या दिवसांत दिसतच नाही. विणीनंतर बदकांची उड्डाणाची पिसे एकदमच गळतात व काही आठवडे त्यांना उडता येत नाही. त्या असहाय काळात नरही मादीसारखा मळकट वेष धारण करतो आणि पुष्कळदा त्याच वेषात तो आपल्याकडे पोहोचतो. म्हणूनच शरद ऋतूत रंगापेक्षा चोचीचा आकार, मानेची लांबी आणि खाण्याची पद्धत यांवर भिस्त ठेवावी.

थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पृष्ठभागावर फिरवीत पाणी गाळून घेते. तलवार बदक लांब मान बुडवून, शेपटी वर करून तळातील अन्न शोधते. लालसर लांब पायांचा शेकाट्या थोड्या खोल पाण्यात चालतो, तर आखूड पायांचे तुतवार काठचा चिखल सोडत नाहीत. कपाळावर पांढरा टिळा मिरवणारे वारकरी मोकळ्या पाण्यात थव्याने तरंगतात. सारे थवे एकाएकी उठले, तर आकाशाकडे पाहावे. बहुधा दलदली भोवत्या वरून संथपणे घिरट्या घालीत असतो.

येथे प्रत्येक पक्ष्याचा ताटवाटा पाण्याच्या खोलीने ठरवून दिलेला आहे. हातभर पाणी वाढले, तरी चिखलावर चरणाऱ्यांचे ताट बुडते. आणि या पाणथळीची पातळी पक्ष्यांच्या नव्हे, माणसांच्या गरजेनुसार हलते. गंगापूर, दारणा या वरच्या धरणांतील पाणी येथूनच पुढे कालव्यांना आणि जायकवाडीकडे जाते. २०१८ आणि २०२३ मध्ये जायकवाडीसाठी विसर्ग झाला, तो नेमका पाहुणे स्थिरावण्याच्या दिवसांत. मराठवाड्याची तहान खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पाणी टप्प्याटप्प्याने चढले, तर पक्ष्यांना जागा बदलण्यास अवधी मिळतो, एवढेच.

दुसरे संकट जलपर्णीचे. शहरी सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर ती फोफावते. तिचा गालिचा दाट झाला, की प्रकाश अडतो, पाण्यातील प्राणवायू घटतो आणि बदकांना उतरण्यास मोकळे पाणी उरत नाही. नाशिककरांच्या मोरीतून निघालेले पाणी अखेर या पाहुण्यांच्या पंगतीपर्यंत पोहोचते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

पाहण्यास जायचे, तर सूर्योदयापूर्वी काठावर असावे आणि सूर्य पाठीशी राहील अशी जागा धरावी. भडक कपडे, मोठ्याने बोलणे टाळावे. दुर्बीण असल्यास उत्तम. छायाचित्रासाठी थवे मुद्दाम उडवू नयेत. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला अंगी पुन्हा चरबी साठवायची असते आणि प्रत्येक अनावश्यक झेप त्याच्या शिदोरीतील घास कमी करते. निफाडहून रस्त्याने अभयारण्य जवळ आहे. घाई मात्र नसावी. मनोऱ्यावर अर्धा तास शांत बसले, तर पाहुणे आपणहून जवळ येतात.