‘गांधी’वाले ॲटनबरो वेगळे, वाघवाले वेगळे

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग कुही तालुक्यात येतो. वाघाच्या शेजाराला राहणाऱ्यांना ॲटनबरो म्हटलं की जंगलाच्या माहितीपटांतला तो संथ, आपुलकीचा आवाज आठवला, तर नवल नाही. तो आवाज डेव्हिड यांचा. १९८२ सालचा ‘गांधी’ दिग्दर्शित केला तो त्यांचे थोरले भाऊ रिचर्ड यांनी.

‘गांधी’ काढला आणि रिचर्ड नावारूपाला आले, हाही समज खरा नाही. १९२३ साली केंब्रिजमध्ये जन्मलेला हा माणूस मुळात नट. दिग्दर्शनाकडे वळले ते थेट १९६९ मध्ये. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त (१९७७) जनरल आउट्रम तेच, आणि १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मधले पांढऱ्या दाढीचे आजोबाही तेच!

चित्रपटाची कल्पनासुद्धा त्यांची नव्हती. १९६२ मध्ये लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयातले मोतीलाल कोठारी त्यांच्या मागे लागले आणि पुढची वीस वर्षं ॲटनबरोंनी ते खूळ सोडलं नाही. कोठारी मात्र चित्रपट पाहायला उरले नाहीत.

सगळ्यात चिवट गैरसमज असा, की गांधींवरचा हा सिनेमा इंग्रजांनी त्यांच्या पैशानं आणि त्यांच्याच माणसांकडून करून घेतला. प्रत्यक्षात खर्चात आपल्या राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा वाटा होता. श्रेयनामावलीत मराठी नावंही ठळक आहेत. गोपाळ कृष्ण गोखले झाले डॉ. श्रीराम लागू. कस्तुरबा झाल्या पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी. तिशीच्या आसपासच्या या नटीला तरुणपणापासून आगाखान पॅलेसमधल्या मृत्यूपर्यंतच्या कस्तुरबा उभ्या करायच्या होत्या. त्यासाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार त्यांना मिळाला.

आणि वेशभूषाकार, कोल्हापूरच्या भानू अथैया. गांधींचे कपडे म्हणजे नुसता पंचा, त्यात वेशभूषाकाराला काम ते काय, असं वाटणाऱ्यांनी चित्रपट पुन्हा पाहावा. आफ्रिकेत बॅरिस्टरचा सूट, १९१५ ला मायदेशी परतताना काठियावाडी पोशाख आणि १९२१ मध्ये मदुराईत पंचा. कपडे उतरत जातात तशी गोष्ट पुढे सरकते. अंत्ययात्रेचं दृश्य तर लाखोंच्या गर्दीचं.

भारताला पहिलं ऑस्कर राय यांनी किंवा ए. आर. रहमान यांनी आणलं, असं सामान्यज्ञानाच्या प्रश्नमंजुषेतही सर्रास ऐकू येतं. राय यांचा मानद पुरस्कार १९९२ चा, रहमान यांचा २००९ चा. अथैयांचं ऑस्कर १९८३ चं, जॉन मोलो यांच्यासह विभागून मिळालेलं. ‘गांधी’च्या आठ ऑस्करांपैकी ते एक.

ऑस्करची ती बाहुली आज कोल्हापुरात नाही, मुंबईतही नाही. आपल्यामागे ती इथे नीट सांभाळली जाईल याची खात्री न वाटल्यानं २०१२ मध्ये अथैयांनी ती ऑस्करच्या अकादमीकडे परत पाठवली.